मधुदादाचं विरजण

मधुदादाची आणि माझी शेवटची भेट शनिवारी झाली आणि ती सगळी पिठावरच झाली. दवाखान्यात त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, न्यूमोनियाने आवाज पार बसला होता, आणि मी आत पाऊल टाकलं न टाकलं तोच त्याने विचारलं, "खायला घातलंस का?" मी म्हटलं, "कुणाला?" तर चिडला. गेली सहा वर्षं दर शनिवारी सकाळी तो त्याच्या बरणीला खायला घालत असे, हे ठाऊक नसायला मी काय परकी होते? सलाइन बघायला आलेल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "आंटी, अंकल के घर में कोई पालतू है क्या? कल से खाने का ही पूछ रहे हैं।" मी म्हटलं, "हाँ है, काँच की बरनी में रहता है।" तिचा चेहरा बघून दादा हसला, मग त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती बसल्यावर म्हणाला, "सुधे, विरजण मरू देऊ नकोस. तुझ्या वहिनीला आत्ता त्यात ओढू नको. तू बघ." आता यावर एखाद्या शहाण्या बहिणीने 'हो' म्हटलं असतं. मी म्हटलं, "आधी तू नीट हो, मग बघू." जन्मभर त्याला मी जी उत्तरं देत आले, त्यातलंच हे एक. सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "वन्सं, या," एवढंच म्हणाल्या... आणि मला कळलं.

आज सात आठवडे झाले. दादावर लिहायचं तर त्या बरणीवरच लिहावं लागणार. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सॉरडो म्हणजे विकतचं यीस्ट न घालता केलेला पाव. पीठ आणि पाणी कालवून बरणीत ठेवायचं, ते आपसूक आंबतं, बुडबुडे येतात. मग त्यातलं थोडं काढून पाव करायचा आणि उरलेल्यात ताजं पीठ-पाणी घालायचं, की ते पुढे चालू. यालाच खायला घालणं म्हणतात. विसरलात, फार दिवस उपाशी ठेवलंत, तर ते मरतं. दादाने ते एकदा लावलं आणि सहा वर्षं जगवलं.

या वेडाचं मूळ मला टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सापडतं. कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या, त्यांच्यामागोमाग बाबा आले, बाबांच्या मागे आई आणि आईच्या मागे तिचं सोवळं. सकाळी सायकलला पत्र्याची पेटी बांधून डबलरोटीवाला यायचा. गुप्ता, तिवारी, सगळ्यांची मुलं त्याच्याभोवती गोळा व्हायची आणि आम्ही दोघं खिडकीच्या गजांतून बघायचो. आईचं ठाम मत होतं की पाव पायाने तुडवतात, म्हणून तर त्याला पाव म्हणतात, आणि असली वस्तू तिच्या घरात येणार नाही. अपवाद फक्त तापाचा. ताप आला की डॉक्टर 'दूध-पाव द्या' म्हणायचे आणि डॉक्टरांपुढे आईचं काही चालत नसे. त्यामुळे आमच्या घरी पाव हे औषध होतं आणि दादाला त्या औषधाची चटक लागली होती. आठ-नऊ वर्षांचा असताना तो अर्धा दिवस काखेत कांदा दाबून बसला, ताप येतो असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. ताप काही आला नाही, कांद्याचा वास मात्र घरभर झाला. आईने त्याला न्हाणीघरात उभं करून डोक्यावरून दोन बादल्या पाणी ओतलं. मी दाराशी उभी राहून त्याला म्हटलं होतं, "मी सांगितलं होतं, होणार नाही म्हणून." मी तेव्हा पाच वर्षांची असेन. म्हणजे माझा स्वभाव किती जुना आहे बघा!

पुढे तो इंजिनियर झाला आणि भोपाळजवळच्या मंडीदीपला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. बंद पडलेलं यंत्र त्याच्यासमोर ठेवलं की माणूस खुलायचा. तो कान लावून ऐकायचा, हात फिरवायचा, मग म्हणायचा, "खराब नाही झालं हे, रुसलंय." पंचेचाळिशीच्या आसपास त्याच्या डोक्यात आलं की नोकरी सोडावी आणि स्वतःचं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप टाकावं. मंडीदीपलाच एक शेड बघून ठेवली होती, दोन सहकारी यायला तयार होते. वहिनींना सांगण्याआधी तो माझ्याकडे आला. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते आणि समोरच्या माणसाला तोंडी परीक्षेला बसवायची मला सवयच होती. कामं नाही मिळाली तर? ते दोघं अर्ध्यात सोडून गेले तर? त्याच्या मुलीच्या, गौरीच्या, कॉलेजचं काय? त्याने काही प्रश्नांची उत्तरं दिली, काहींची दिली नाहीत. त्याचा चहा तसाच राहिला. "ठीक है, छोड़ो," म्हणून उठला, आणि वर्कशॉप हा शब्द मी त्याच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. निवृत्त होईपर्यंत तो त्याच कारखान्यात राहिला. त्यानंतर मी त्याच्या घरी गेले की दार उघडताना तो ओरडायचा, "घ्या, आलं विरजण!" सगळे हसायचे. मीही हसायचे. कुणाच्याही बेतावर विरजण घालण्यात माझा हात धरणारं आमच्या नात्यात कुणी नाही, हे मला मान्यच आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका दिवाळीत गौरी हैदराबादहून येताना असला एक पाव घेऊन आली. दादाने तो उलटासुलटा करून बघितला, खालून वाजवून बघितला, मग घास घेऊन विचारलं, "यात काय काय असतं?" पीठ, पाणी, मीठ, असं गौरी म्हणाली. बस्स? बस्स. "आणि तुडवतात कशाने?" "बाबा, हाताने मळतात!" दादा बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, "आईला हा चालला असता." आई जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती! पण एवढं एक कारण त्याला पुरलं. आठवड्याभरात काचेची बरणी आली, बिडाच्या दोन कढया आल्या, एक खाली आणि एक झाकण म्हणून वर पालथी, ओव्हन आला, आणि भिंतीवर थर्मामीटर लागला. मी बघायला गेले तेव्हा फ्रिजच्या डोक्यावर ती बरणी होती आणि तिच्यावर पांढऱ्या पट्टीवर त्याच्या ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिलं होतं – विरजण. मी विचारलं, "हे काय?" तो मिश्कील हसला आणि ओव्हनकडे वळला. मी काय ते समजले. चहा थंड झाला होता ती संध्याकाळ तो विसरला नव्हता तर! तोंडावर बोलून दाखवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, म्हणून बरणीवर लिहून ठेवलं होतं. त्यानंतर त्या घरात गेले की माझी नजर आधी त्या पट्टीवर जायची आणि ती मला टोचायची. विचारायचं मात्र कधी धाडस झालं नाही.

सुरुवातीचे पाव म्हणजे विटा होत्या. मैदा वापरायचा नाही, सीहोरचा शरबती गहूच हवा, हा त्याचा हट्ट, आणि शरबतीची पोळी जितकी मऊ तितका पाव फुगायला नाठाळ. पहिला पाव त्याने मला स्कूटरवरून आणून दिला तेव्हा मी तो दाराला अडसर म्हणून लावून दाखवला. दुसऱ्या शनिवारी तो पुन्हा हजर. तिसऱ्या शनिवारी पुन्हा. मी प्रत्येक वेळी खोड काढायची, त्याने प्रत्येक वेळी खिशातली वही काढून ती लिहून घ्यायची. मे महिन्यात भोपाळ तापलं की त्याचं पीठ दोन तासांत उतू जायचं, मग ओल्या फडक्यात गुंडाळून कूलरपुढे ठेवायचा आणि स्वतः घाम पुसत बसायचा. थंडीत उलटं. कारखान्यातला जुना स्वेटर पातेल्याला घालून ते उन्हात ठेवलेलं मी पाहिलंय, बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. तरी थंडीतला पाव त्याला शेवटपर्यंत साधला नाही, मध्ये नेहमी गच्च राहायचा. पण दोन वर्षांनी एका ऑगस्टमध्ये त्याने जो पाव आणला, त्याला मी तोड बघितलेली नाही. साल कडक, आत जाळी, आणि आंबटपणा असा की लोण्याशिवाय खावा. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी म्हटलं, "मीठ जरासं कमी आहे." मीठ अगदी बरोबर होतं. आज कबूल करते, दादा, मीठ बरोबर होतं... आणि तू ते वहीत लिहून घेतलंस.

तो गेल्यावर पहिले तीन दिवस मला बरणीची आठवणही झाली नाही. खरं सांगायचं तर शनिवारीही मी तिला खायला घातलं नव्हतं, उद्या बघू म्हणून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती आठवली आणि मी उठून दादाच्या फ्रिजकडे गेले. बरणी नव्हती. ती मोरीजवळच्या ताटाळ्यात होती, स्वच्छ घासलेली, पालथी, थेंबसुद्धा नाही. नागपूरहून वहिनींची धाकटी बहीण शकू आली होती आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. वहिनींच्या घशाखाली घास उतरत नव्हता, दहीभात तरी खाईल म्हणून तिने आदल्या संध्याकाळी दोन लिटर दूध कोमट केलं, बरणीवरची पट्टी वाचली आणि आतलं सगळं दुधाला लावलं. मला बघून म्हणाली, "सुधाताई, तुमच्या भोपाळचं दूध काही बरोबर नाही बरं! अख्खी बरणी विरजण घातलं, तरी दही लागलं नाही. सकाळपासून नुसतं फसफसून राहिलं. वास पण कसातरीच येऊन राहिला." मी विचारलं, "कुठाय ते?" म्हणाली, "बाहेर ठेवलं नं बादलीत. गाय आली की पिऊन जाईल."

सदुसष्टाव्या वर्षी मी धावले. हॉलमध्ये भेटायला आलेली मंडळी भिंतीला टेकून बसली होती, त्यांच्या पायांवरून उड्या मारत मी फाटकाशी पोचले. बादली होती. गाय समोरच्या घराशी होती, येण्याच्याच बेतात. मी वाटीने बादलीतलं ते फेसाळ दूध काढून घेतलं, तळाचं दाट दाट बघून, आणि गायीला "हट, हट" करत असताना मला अचानक हसू फुटलं. आवरेना. शोकाच्या घरासमोर एक म्हातारी हातात वाटी घेऊन हसते आहे, हे बघून लोकांनी मला आत नेऊन पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. शकूला समजावून सांगितलं तर ती बिचारी रडकुंडीला आली. "विरजण लिहिलं होतं नं त्याच्यावर! मी काय करू?" तिची काहीच चूक नव्हती. मराठी बाई विरजण वाचल्यावर दुसरं काय करणार? माझ्या डोक्यात मात्र एकच येत होतं, की ज्या शब्दाने त्याने मला टोमणा मारला, त्याच शब्दाने त्याची बरणी धुऊन निघाली. म्हणजे पुन्हा मीच.

ती वाटी मी घरी आणली आणि तिच्यात मूठभर शरबतीची कणीक कालवली. जगेल की नाही, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी नुसता नासक्या दुधाचा वास. तिसऱ्या दिवशी वर पिवळट पाणी. मी पाणी ओतून दिलं, अर्धं काढलं, पुन्हा पीठ घातलं. माझ्या स्वभावाप्रमाणे मी तिथेच 'होणार नाही' म्हणून हात झटकले असते. पण आता समोर दादा नव्हता, आणि 'होणार नाही' ऐकायला कुणी नसलं की ते म्हणण्यात काही अर्थ राहत नाही. दादा यंत्राला लावायचा तसा मी वाटीला कान लावला. घरात माझ्याशिवाय कुणी नाही म्हणून बरं. सहाव्या दिवशी सकाळी पिठावर एक बुडबुडा होता. एकच. संध्याकाळपर्यंत सात-आठ झाले. दुसऱ्या आठवड्यात ते वाटीबाहेर आलं आणि मी ते नव्या बरणीत घातलं. मला रडू आलं ते तेव्हा, त्याआधी नाही.

गेल्या आठवड्यात बरणी घेऊन मी वहिनींकडे गेले, कारण ओव्हन आणि कढया तिकडे. पाहुणे कधीच परतले होते, गौरी नुकतीच हैदराबादला गेली होती, घरात वहिनी एकट्या. दादाची वही माझ्या हातात होती. तिच्यात थंडीच्या पानावर त्याने लिहिलं होतं, 'गारठ्यात पीठ रात्रभर ठेवायला हवं,' आणि पुढे, 'शक्य नाही.' ते खाली दोन रेघा मारून अधोरेखित केलेलं. मी वहिनींना विचारलं, "शक्य नाही म्हणजे काय? ठेवायला काय झालं होतं त्याला?"

वहिनी म्हणाल्या, "माझ्यामुळे."

मग त्यांनी सांगितलं. भिजवलेली कणीक घरात रात्रभर ठेवायची नाही, हा त्यांच्या माहेरचा नियम. तो गोळा पिंडासारखा असतो, तो बघून गेलेली माणसं खायला येतात म्हणे. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी पोळीभरसुद्धा कणीक कधी रात्रीची उरू दिली नाही. दादाने पहिल्यांदा पीठ-पाणी कालवून ठेवलं त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं, हे आत्ताच्या आत्ता टाका. दादाने ते बरणीत भरलं, पट्टी आणली, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "वाच. ही कणीक नाही. हे विरजण आहे. विरजण तर रात्रीच लावतात की नाही?" वहिनी सांगताना हसत होत्या. "मला काय कळत नव्हतं? पण इतकं सुवाच्य लिहिलं होतं त्यांनी... मी म्हटलं, असू दे विरजण. पावाची कणीक मात्र सकाळी भिजवायची आणि संध्याकाळच्या आत भाजायची, हे पाळलं त्यांनी. कायम."

मी खुर्चीवर बसले. म्हटलं, "वहिनी, मला वाटायचं ते नाव माझ्यावरून ठेवलंय. मला लागावं म्हणून."

"तुमच्यावरून?" वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "दारातली थट्टा वेगळी. तुमचं नाव द्यायचंच असतं तर तिखटाच्या डब्याला दिलं असतं हो! पीठ नीट फुगलं की आधी कुणाची आठवण काढायचे, सांगू? सुधीला जाऊन दाखवतो, म्हणायचे."

वर्कशॉपचं मी त्यांच्याजवळ काढलं नाही. ते त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ते माझं ओझं आहे, मीच वाहीन. पण सहा वर्षं त्या पट्टीकडे बघून जे टोचत होतं, ते त्या दुपारी निघून गेलं. मी उगीचच स्वतःला इतकं महत्त्वाचं समजत होते.

संध्याकाळी मी कणीक भिजवली. दादाने लिहिलं होतं तशी, मीठ शेवटी घालून. गारठा मी म्हणत होता, म्हणजे ती सकाळपर्यंत ठेवणं भागच होतं. मी पातेल्यावर फडकं बांधलं, पातेलं पिशवीत ठेवलं आणि ऑटोसाठी फोन काढला. माझ्या घरी रात्रभर ठेवीन, सकाळी भाजायला इकडे आणीन, असा हिशोब. वहिनी दारात आल्या. "कुठे निघालात पातेलं घेऊन?"

"रात्रभर राहायला हवी ना ही. तुमच्याकडे कशाला?"

त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. पातेलं काढून ओट्यावर ठेवलं, गॅसच्या शेजारी, जिथे ऊब असते तिथे. मी म्हटलं, "वहिनी, ही कणीक आहे. विरजण नाही."

"कळतं मला," वहिनी म्हणाल्या. फडक्याची गाठ त्यांनी जरा सैल केली. "आलं कुणी खायला, तर येऊ दे."

आणि रोज रात्री ओढून घेतात ते स्वयंपाकघराचं दार तसंच उघडं ठेवून त्या बाहेर आल्या.